इसहाकाच्या विहिरी आणि बाभळीचे दरवाजे

शास्त्राभ्यास. पाठ : उत्पत्ति २६:१२-३३. सोबत वाचावें : यहेज्केल ३४:१७-१९, मत्तय ७:१२.

आजचा पाठ आपल्या मंडळ्यांत पुष्कळदां घेतला जातो, परंतु बहुधा तो अर्ध्यावरच सोडण्यांत येतो. इसहाकानें गराराच्या प्रांतांत पेरणी केली, त्याला शंभरपट पीक आलें, आणि पलिष्टी लोकांच्या पोटांत दुखूं लागलें. त्याच्या बापाच्या वेळच्या विहिरी त्यांनीं माती लोटून बुजविल्या. राजा अबीमलेख यानें त्याला देशांतून निघून जाण्यास सांगितलें. तो खोऱ्यांत गेला. तेथें चाकरांनीं खणलें तों जिवंत झरा लागला, पण लागलीच गराराचे गुराखी भांडावयास आले. त्या विहिरीचें नांव एसेक, म्हणजे भांडण, असें पडलें. दुसरी खणली, तिच्यावरहि तंटा झाला. ती सितना, म्हणजे वैर. तिसरीवर कोणी भांडलें नाहीं, म्हणून ती रहोबोथ, म्हणजे मोकळी जागा. येथें आपला उपदेशक पुस्तक मिटतो आणि सांगतो कीं, ख्रिस्ती माणसानें भांडूं नये, पुढें सरकावें, देव जागा देईल.

ही शिकवण खोटी नाहीं, पण ती पुरती नाहीं. इसहाकापाशीं तंबू होते आणि पुढें रिकामें रान होतें, म्हणून त्याला सरकतां आलें. धर्माबादच्या शेतकऱ्यानें कोठें सरकावें? देगलूरच्या मजुरानें कोणत्या रानांत तंबू न्यावा? आपल्याकडे नदी एक आहे, तिच्या दोन्ही तीरांवर गांवें भरलेलीं आहेत, आणि पलीकडचा गांव दुसऱ्या राज्यांत आहे. अशा माणसांसाठींच अध्यायाचा उरलेला भाग लिहिला आहे असें मला वाटतें.

वचन २६ पासून पुढें सावकाश वाचावें. ज्यानें हांकलून दिलें तोच अबीमलेख आपला मित्र अहुज्जाथ आणि सेनापति पीकोल यांना घेऊन इसहाकाच्या दारीं येतो. इसहाक गोड बोलून त्याला आंत घेत नाहीं. तुम्हीं माझा द्वेष केला, मला घालवून दिलें, मग आतां कशासाठीं आलां, असें तो तोंडावर विचारतो. गाऱ्हाणें आधीं बोललें जातें. मग जेवण होतें. आणि दुसऱ्या दिवशीं पहांटे उठून दोघे एकमेकांशीं शपथ वाहतात. त्याच दिवशीं चाकर येऊन सांगतात कीं पाणी लागलें. विहीर खणण्याचें काम आधींच चाललें होतें, हें वचन २५ वरून कळतें. परंतु पाण्याची वार्ता शपथेच्या दिवशीं आली, आणि त्या शपथेवरून गांवाला बैर-शेबा हें नांव राहिलें. एसेक व सितना यांच्या पाण्यावर कोणी गांव वसविल्याचें हा अध्याय सांगत नाहीं.

आतां आपल्या नद्यांकडे पाहूं. मांजरा बीड जिल्ह्याच्या पाटोदा तालुक्यांत बालाघाटाच्या डोंगरांत उगम पावते. लातूर जिल्ह्यांतून वाहत ती कर्नाटकांतील बीदर जिल्ह्यांत शिरते. तेथून तेलंगणांत जाऊन सिंगूर व निजामसागर या धरणांना पाणी देते. मग वळून पुनः आपल्या देगलूर व बिलोली तालुक्यांची शीव धरून चालते आणि कंदाकुर्ती येथें गोदावरीस मिळते. एक नदी आणि तीन राज्यें. हीं राज्यें कांहीं अनादि काळापासूनचीं नव्हेत. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत नांदेड, बीदर, निजामाबाद हे सारे जिल्हे एकाच हैदराबाद राज्यांत होते. त्या दिवशीं भाषेप्रमाणें वांटणी झाली. नांदेड जिल्ह्यांतील मुधोळ, भैंसा, कुबीर, बिचकुंदा, जुक्कल हे भाग तेलुगु बाजूस गेले; बीदर जिल्ह्यांतील उदगीर, अहमदपूर व निलंगा हे मराठी बाजूस आले. माणसांची अशी वांटणी करतां आली. सोयरीकी मात्र जशाच्या तशा राहिल्या, आणि नद्याहि.

नदीचा तंटा यानंतर सुरू झाला. तेलुगु बाजूस गोदावरीवर पोचमपाड येथें मोठें धरण झालें. त्याची कोनशिला १९६३ सालीं पंडित नेहरूंनीं बसविली, आणि श्रीरामसागर हें त्याचें आजचें नांव. त्याचें फुगलेलें पाणी उलट चढत महाराष्ट्राच्या हद्दींत येतें. गोदावरीच्या पाण्याची वांटणी ठरविण्यासाठीं १९६९ सालीं न्यायमूर्ति बच्छावत यांचा लवाद नेमण्यांत आला. लवाद चालू असतांनाच ६ ऑक्टोबर १९७५ रोजीं महाराष्ट्र व आंध्रप्रदेश यांनीं आपसांत करार केला : गोदावरीवर पैठण व पूर्णेवर सिद्धेश्वर या दोन धरणांच्या वरचें सर्व पाणी महाराष्ट्रानें वापरावें, त्यांच्या व मांजरेवरील निजामसागराच्या खालीं पोचमपाडपर्यंत नव्या कामांसाठीं महाराष्ट्रानें ६० अब्ज घनफुटांहून अधिक घेऊं नये, उरलेलें आंध्रप्रदेशाचें. १९८० सालीं लवादाचा अंतिम निवाडा झाला, त्यांत हा करार आला.

करार होता, तरी तीस वर्षांनीं भांडण पेटलें. धर्माबाद तालुक्यांत बाभळी येथें महाराष्ट्रानें गोदावरीवर बंधारा बांधण्यास घेतला. तो पोचमपाडच्या भिंतीपासून सुमारे ८१ किलोमीटर वर आहे, परंतु त्या धरणाच्या फुगवट्याच्या आंत आहे. खालच्यांस भय वाटलें कीं, आमच्या तळ्यांत भिंत घालून हे आमचें पाणी ओढून घेतील. वरच्यांचें म्हणणें असें कीं, तुमच्या धरणासाठीं आमची जमीन बुडाली, डोळ्यांसमोरून नदी जाते, आणि आम्हांला उन्हाळ्यांत प्यावयास पाणी नाहीं. दोघांच्याहि म्हणण्यांत सत्य होतें. पाण्याचा तंटा कठीण होतो तो यामुळेंच. एक बाजू निव्वळ लबाड असती तर पंचांचें काम सोपें झालें असतें.

२००६ सालीं आंध्रप्रदेशानें सर्वोच्च न्यायालयांत दावा लावला. एप्रिल २००७ मध्यें न्यायालयानें सांगितलें कीं, बंधारा बांधा, परंतु निकाल लागेपर्यंत दरवाजे बसवूं नका. जुलै २०१० मध्यें आंध्रप्रदेशाचे माजी मुख्यमंत्री चंद्राबाबू नायडू आपले आमदार घेऊन बाभळी पाहावयास निघाले, तेव्हां त्यांना धर्माबादेस अटकेंत ठेवून पुढें हैदराबादेस परत पाठविण्यांत आलें. दोन्ही बाजूंस मोर्चे निघाले, वर्तमानपत्रें तापलीं. गराराचे गुराखी हल्लीं मोटारींतून येतात, एवढाच काय तो फरक!

२८ फेब्रुवारी २०१३ रोजीं न्यायमूर्ति लोढा, ठाकूर व दवे यांनीं निकाल दिला. त्याचा आशय मंडळींतील प्रत्येक शेतकऱ्यास ठाऊक असावा. बाभळीचा सांठा २.७४ अब्ज घनफूट, याहून अधिक नाहीं. पावसाळ्यांत, म्हणजे १ जुलैपासून २८ ऑक्टोबरपर्यंत, बंधाऱ्याचे सारे दरवाजे वर उचललेले राहतील आणि पूर अडविला जाणार नाहीं. त्यानंतर दरवाजे खालीं सोडून महाराष्ट्रानें पाणी सांठवावें. मात्र दरवर्षीं १ मार्च रोजीं ०.६ अब्ज घनफूट पाणी खालीं सोडावें. हें सारें नीट होतें कीं नाहीं हें पाहण्यास तिघांची समिति : दोन्ही राज्यांचा एकेक प्रतिनिधि आणि केंद्रीय जल आयोगाचा एक, तोच अध्यक्ष. जून २०१४ मध्यें तेलंगण राज्य निराळें झालें, तेव्हांपासून आंध्रप्रदेशाच्या जागीं तें आलें. त्यानंतर वर्षामागून वर्ष १ जुलैस दोन्ही बाजूंचे अधिकारी बाभळीस जमले, आणि एकमेकांसमक्ष चौदा दरवाजे उचलण्यांत आले.

या आंकड्यांची भीति वाटूं देऊं नये. एक अब्ज घनफूट, ज्याला खात्याचे लोक टी. एम. सी. म्हणतात, म्हणजे सुमारे २,८३२ कोटी लिटर. १ मार्चला सोडावयाचें पाणी सुमारे १,७०० कोटी लिटर होतें. लातूरच्या वाचकांस हें दुसऱ्या मापानें सांगतां येईल. १२ एप्रिल २०१६ रोजीं मिरजेहून लातुरास पाण्याची पहिली आगगाडी आली. सुमारे ३४० किलोमीटर येऊन तिनें दहा डब्यांत ५ लाख लिटर पाणी आणलें, आणि शहरानें देवाचे आभार मानले. तशा सुमारे ३४,००० गाड्या भरतील एवढें पाणी उन्हाळ्याच्या तोंडावर बाभळीहून खालीं सोडावें, असा हा निकाल आहे. उलटपक्षीं पोचमपाडची मूळची सांठवण ११२ अब्ज घनफूट धरली होती. तिच्यापुढें बाभळीचा सांठा शंभरांत अडीच वांट्यांहूनहि कमी. आपल्या डोळ्यांस आपलें देणें मोठें दिसतें आणि त्यांच्या डोळ्यांस आपलें घेणें मोठें दिसतें. म्हणून मापाची गरज आहे.

आपल्या बाजूचें गाऱ्हाणेंहि झांकूं नये. इसहाकानें झांकलें नाहीं. २८ ऑक्टोबरपर्यंत पूर निघून जातो, नदीची धार बारीक होते, आणि मग दरवाजे सोडून बंधारा पुरता भरत नाहीं अशीं वर्षें आलीं आहेत. धर्माबाद, बिलोली, उमरी, नायगांव या भागांतील सुमारे ८,००० हेक्टर जमीन भिजेल अशी आशा दाखविली होती. तारीख बदलावी ही मागणी शेतकरी करीत आले आहेत, आणि ती मागण्यांत पाप नाहीं. परंतु ती समितीपुढें व न्यायालयापुढें मागावी; रात्रीं दरवाजाला हात लावून नव्हे. शपथ गैरसोयीची झाली म्हणजे ती उघडपणें पुनः बोलण्यास घ्यावी, हें अबीमलेखानेंहि केलें. तो चालत आला. मोठीं राष्ट्रें याबाबतींत आपल्याहून शहाणीं आहेत असें नाहीं. भारत व पाकिस्तान यांचा १९६० सालचा सिंधु नदीचा करार लढायांतूनहि टिकला होता. पहलगाम येथील हत्याकांडानंतर एप्रिल २०२५ मध्यें भारतानें तो स्थगित केला. रक्त सांडलें म्हणजे पाण्याचा कागदहि ओला होतो.

आतां मत्तय ७:१२ उघडावें. बाभळीस आपण वरचे आहों. पण पैठणच्या बाबतींत आपण खालचे आहों. नाशिक व अहिल्यानगर या जिल्ह्यांतील धरणें आधीं भरतात आणि जायकवाडी कोरडी राहते, हें मराठवाड्याचें जुनें दुःख. त्यासाठीं आपले पुढारी न्यायालयांत गेले. २००५ च्या महाराष्ट्र जलसंपत्ति नियमन प्राधिकरणाच्या कायद्यानें खोऱ्यांत समन्यायी वांटपाचें तत्त्व मान्य केलें, आणि २०१४ सालीं त्या प्राधिकरणानें आदेश दिला कीं, १५ ऑक्टोबरला जायकवाडींत ६५ टक्के सांठा नसेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडावें. हें ऐकून आपण टाळ्या वाजविल्या. मग नाशिककरांकडून जें आपण हक्कानें मागतों, तें निजामाबादकरांस देतांना आपले ओंठ कां मिटतात? ते तेलुगु बोलतात म्हणून कीं काय? लातूर तर याहून विलक्षण. २०१६ च्या मार्चमध्यें तेथें पाण्याच्या टाक्यांभोंवतीं जमावबंदी पुकारावी लागली. शेजाऱ्यानें शेजाऱ्यावर घागर उगारूं नये म्हणून! तेंच तहानलेलें लातूर मांजरेवर बीदर, मेदक व निजामसागर यांच्या वरचें आहे. धनेगांवच्या मांजरा धरणाखालीं उसाला किती पाणी द्यावयाचें हा प्रश्न केवळ कारखानदारांचा नाहीं.

आणि वरच्याखालच्यांची गोष्ट आपल्याला पुस्तकांतून शिकावी लागत नाहीं. आपल्यापैकीं पुष्कळांच्या आजोबांना गांवच्या विहिरीला हात लावण्याची मनाई होती. वरचे लोक ओंजळींत पाणी घालतील तेव्हां प्यावयाचें. १९२७ सालीं महाडास डॉ. आंबेडकरांनीं चवदार तळ्याचें पाणी हातांत घेतलें, तें या अन्यायाविरुद्ध होतें. जो इतक्या पिढ्या खालीं उभा राहिला, त्यानें वर उभें राहण्याची पाळी आल्यावर कसें वागावें, हें आपणांहून कोणास अधिक कळावें?

यहेज्केलाचें वचन येथें जोडून घ्यावें. तेथें देव धष्टपुष्ट मेंढरांस दटावतो कीं, तुम्हीं स्वच्छ पाणी प्यालां तें प्यालां, उरलेलें पायांनीं गढूळ कां केलें? पाणी सोडणें निराळें आणि चांगलें पाणी सोडणें निराळें. बाभळीच्या निकालांत सांठ्याचें माप आहे. घाणीचें, गाळाचें व वाळूचें माप त्यांत नाहीं. तें दोन्ही तीरांच्या गांवांवर राहिलें आहे.

गाळाचें पाहा. पोचमपाडची सांठवण ११२ वरून सुमारे ८० अब्ज घनफुटांवर आली आहे. निजामशाहींत बांधून १९३१ सालीं पुरा झालेला निजामसागरहि गाळानें पुष्कळ भरला. हा गाळ आकाशांतून पडला नाहीं. त्यांत बालाघाटाची व आपल्या उघड्या माळांची माती आहे. आपलें शेत उणें झालें आणि त्यांचें तळेंहि उणें झालें. दोघांचा तोटा, फायदा कोणाचाच नाहीं. पलिष्ट्यांनीं विहिरी द्वेषानें मातीनें भरल्या. आपण आळसानें भरतों. बांधबंदिस्ती, उताराला आडवी नांगरट, नाल्याच्या कांठीं झाडें व गवत, माळावर गुरें मोकाट न सोडणें, हीं कामें आपल्या शेताचीं म्हणून आपण ऐकलेलीं आहेत. तीं शेजारधर्माचींहि आहेत.

वाळूविषयीं बोलणें अवघड आहे, पण बोललें पाहिजे. मांजरेच्या पात्रांतील वाळू बिलोली-देगलूरच्या बाजूनें ट्रकांत भरून सीमेपलीकडच्या शहरांत घरें बांधावयास जाते. कांहीं परवान्यानें, कांहीं रात्रीं. पात्रांतील वाळू स्पंजासारखें पाणी धरून ठेवते व दोन्ही कांठांच्या विहिरींना उन्हाळ्यांत पुरविते. ती खरवडली कीं पात्र खोल जातें आणि विहिरींचें पाणी त्याच्यामागें खालीं उतरतें. या बाबतींत दोन्ही राज्यांतील माणसें एकमेकांना उत्तम सहकार्य करितात, हें खेदानें म्हणावें लागतें. महाराष्ट्राचा भरणारा, तेलंगणाचा घेणारा, भाषेची अडचण कोणालाच नाहीं. आपलींहि मुलें त्या ट्रकांवर फावडें घेऊन जातात, कारण दुसरें काम नाहीं. त्यांना व्यासपीठावरून शाप देऊं नये. पण रात्रीच्या मजुरीचा दशांश आला तर मंडळीनें काय करावें, हा प्रश्न वडीलमंडळींनीं बसून सोडवावा.

घाणीच्या बाबतींत एक दूरचें उदाहरण उपयोगी पडेल. युरोपांत ऱ्हाइन नदी स्वित्झर्लंडांतून निघून जर्मनी व फ्रान्स यांच्या शिवेवरून हॉलंडला जाते. १ नोव्हेंबर १९८६ रोजीं स्वित्झर्लंडांत बाझेल शहराजवळ रासायनिक मालाच्या गोदामास आग लागली. विझविण्याच्या पाण्याबरोबर विष नदींत गेलें आणि शेंकडों मैल मासे मेले. खालच्या देशांस पाण्याचे नळ बंद ठेवावे लागले. त्यानंतर त्या देशांनीं मिळून काम हातीं घेतलें : कारखान्यांचें सांडपाणी शुद्ध करावयाचें, अपघात झाला तर खालच्यास तत्काळ कळवावयाचें, माशांना वर चढावयास बंधाऱ्यांतून वाट ठेवावयाची. नाहींसा झालेला सामन मासा कांहीं वर्षांनीं त्या नदींत परत दिसूं लागला. नांदेड शहराच्या नाल्यांचें पाणी गोदावरींत जातें, त्याच्या खालीं बाभळी आहे, त्याच्या खालीं बासर आहे. कारखान्याची मळी नदींत आली, मासे पालथे पडले, तर पलीकडच्या गांवास दूरध्वनि करणारा एकतरी माणूस आपल्या मंडळींत असावा.

एक सावधगिरीहि सांगितली पाहिजे. दोन सरकारें एक झालीं म्हणजे सर्वांचें भलें झालें असें नव्हे. मुखेड तालुक्यांत गोणेगांव येथील लेंडी धरण महाराष्ट्र व तेलंगण यांचें मिळून आहे. पाण्याचे वांटे ठरलेले आहेत. परंतु ज्यांचीं घरें बुडावयाचीं त्यांच्या पुनर्वसनाचें काम दशकानुदशकें रेंगाळलें. ऑगस्ट २०२५ मध्यें अतिवृष्टि झाली, तेव्हां रावणगांव, हसनाळ, भासवाडी या गांवांत पाणी शिरलें व माणसें दगावलीं. शपथेला बसणाऱ्यांत इसहाक होता आणि अबीमलेख होता. विहीर खणणारे चाकर शेवटीं बातमी सांगावयास आले, पण आले तरी. लेंडीच्या खोऱ्यांतील लोकांना बातमी पाण्यानें सांगितली.

पाठ चालविणाऱ्यांस थोडी सूचना. मुलांच्या वर्गांत तीन विहिरींचीं नांवें विचारावीं आणि मग आपल्या गांवांतील प्रत्येक विहिरीस यांपैकीं कोणतें नांव शोभेल हें त्यांनाच सांगूं द्यावें; उत्तरें ऐकून मोठीं माणसें गप्प होतात. प्रौढांच्या वर्गांत इसहाकाचें गाऱ्हाणें व अबीमलेखाचें म्हणणें दोघांनीं उभें राहून मांडावें, आणि धर्माबादच्या मनुष्यानें मुद्दाम निजामाबादची बाजू घ्यावी. १ जुलै व १ मार्च या दोन तारखा मंडळीच्या प्रार्थनेच्या वहींत लिहून ठेवाव्या.

सीमेजवळच्या मंडळ्यांस आणखी एक गोष्ट शक्य आहे. मांजरा ज्या मेदक प्रांतांतून वाहते, तेथील मोठें मंदिर रेव्हरंड पॉझ्नेट यांनीं बांधविलें. दुष्काळांत लोकांस काम व अन्न मिळावें म्हणून तें बांधकाम चालविलें होतें, आणि २५ डिसेंबर १९२४ रोजीं त्याचें समर्पण झालें. त्या बाजूच्या तेलुगु मंडळ्यांच्या पवित्र शास्त्रांतहि उत्पत्तीचा सव्विसावा अध्याय आहे. बिलोली-देगलूरच्या उपदेशकांनीं पलीकडच्या उपदेशकांस पत्र लिहावें कीं, एकाच रविवारीं दोन्ही तीरांवर हा पाठ घेऊं, आणि तुमच्या वर्गानें आमच्याविषयीं काय म्हटलें तें आम्हांस कळवा. पत्र मराठींत लिहिलें तरी चालेल. शिवेवरच्या प्रत्येक गांवांत तें वाचून दाखविणारी एकतरी सासुरवाशीण असते.